एक गुण उरेपर्यंत

आपल्या घरांत कुणी ‘तबियत कैसी है?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘अल्हम्दुलिल्लाह, अच्छी है.’ अंगात ताप असला तरी हेच आणि गुडघे धरले असले तरी हेच. त्या उत्तरात शुक्र आहे, सबुरी आहे, हे खरंच. पण प्रकृतीचा पत्ता मात्र त्यातून लागत नाही. म्हणून माणसाची प्रकृती आकड्यात मांडणारा एक खेळ माझ्या भाच्याने घरात आणला, तेव्हा मला त्याचं नवल वाटलं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. आपाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण माडी आमच्याकडे आहे. त्यामुळे सुट्टीत सोलापूरला आला की चार मित्रांना घेऊन तो आमच्याकडेच बसतो. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. वार लागला की चुकला, हे फाशांवर ठरतं. फासे बघून अम्मीने पहिल्याच दिवशी विचारलं, “ये जुव्वा तो नई ना रे?”

“नई नानी, पैसे नई लगाते.”

अम्मीचं पूर्ण समाधान झालं नाही, पण माडीवर चहा गेला.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, अक्कल यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा असतो, ‘हिट पॉइंट’. आपण त्याला जिवाचे गुण म्हणू. वार लागला की त्यातून वजाबाकी होते. शून्य झालं की पात्र कोसळतं.

हे गुण ठरवायचे कसे, यावरच मुलांची पहिली तासभर हुज्जत चालली. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे योद्ध्याला दहा बाजूंचा फासा मिळतो, जादूगाराला सहा बाजूंचा. पहिल्या पायरीवर फाशाचा सर्वांत मोठा आकडा आपोआप मिळतो, वर काटकपणाची भर. पुढच्या प्रत्येक पायरीला मात्र दोन वाटा आहेत. फासा टाका आणि पडेल ते घ्या, नाहीतर पुस्तकात दिलेला ठरावीक आकडा घ्या. दहा बाजूंच्या फाशाला तो सहा आहे. फाशाची सरासरी साडेपाच पडते, म्हणजे ठरावीक आकडा घेणारा अर्ध्या गुणाने फायद्यातच राहतो. तरी एका मुलाने हट्टाने फासा टाकला. एक पडला. त्याचा योद्धा पुढे कायमचा अशक्त राहिला. “मुकद्दर,” तो म्हणाला. “मुकद्दर नई, हट्ट,” भाचा म्हणाला.

या गुणांचा उगम भाच्याने मला सांगितला, तो मला खेळापेक्षाही आवडला. अमेरिकेत 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे, मध्ययुगीन लढाया छोट्या शिपाई-बाहुल्यांनी खेळायचे नियम छापले. त्यात साधा शिपाई एका फटक्यात गेला की गेला. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ते नियम आपल्या गोष्टीच्या खेळात वापरून पाहिले. पण ज्या पात्रावर खेळणाऱ्याचा जीव जडला, ते एका फटक्यात मेलं तर कुणाला आवडेल? आर्नेसन यांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढाईचे नियम आधी लिहिले होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, चार-सहा गोळे पचवतं. हा जहाजाचा हिशेब त्यांनी माणसाला लावला. मग 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि तो हिशेब जगभर गेला.

या पद्धतीत एक विचित्र गोष्ट आहे. पन्नास गुणांचा योद्धा एका गुणावर आला तरी पन्नास असताना मारायचा तितक्याच जोराने तलवार मारतो. शेवटचा गुण जाईपर्यंत त्याच्यात काहीच कमी झालेलं दिसत नाही, आणि तो गेला की तो एकदम आडवा होतो. गायगॅक्स यांनी 1979च्या मार्गदर्शक पुस्तकात याचा खुलासा केला आहे. हे गुण म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, लढण्याचं कसब आणि नशीबही त्यात धरलेलं आहे, असा त्याचा आशय. पण सगळ्यांना ते पटलं नाही. 1977च्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळात जखम थेट ताकद, चपळाई आणि दम यांतून वजा होते. 1978च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये डोकं, छाती, हात, पाय यांचा हिशेब वेगवेगळा ठेवतात. 1981च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये शरीराच्या गुणांशेजारी मनाच्या शाबूतपणाचेही गुण असतात आणि भयंकर काही पाहिलं की ते घटतात. 1991च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये प्रकृतीच्या सात पायऱ्या आहेत. जसजसं खाली उतराल, तसतसे हातातले फासे कमी होतात.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी आपा येत होती.

आपा शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवते, नगावर. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे त्याआधीचे तीन-चार महिने तिचं मशीन रात्रीसुद्धा थांबत नाही. दोन वर्षांपासून तिला अंगावरून फार जात होतं. जिने चढताना ती मध्येच टेकायची. विचारलं तर, “मेरेकू क्या हुया? चलती-फिरती हूँ ना!” फेब्रुवारीत मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गर्भाशयात गाठी निघाल्या. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. बाईमाणसाचं निदान बारा तरी हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त चढवून लवकर ऑपरेशन करा.

“जून होने दो,” आपा म्हणाली. आणि घरानेही ते मान्य केलं. का करणार नाही? भाकरी वेळेवर होत होत्या, कॉलरी वेळेवर जात होत्या. दुल्हाभाई वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखरच ती धडधाकट दिसत होती.

भाचा त्या शनिवारी आला होता. त्याने रिपोर्ट उचलला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग बापाला म्हणाला, “अब्बा, अम्मी बारा में की छे पे आयी है. काम पूरा करती, इसलिए अपने को पूरी दिखती.”

दुल्हाभाई काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापलेल्या कॉलरींचे गठ्ठे सायकलला बांधले आणि ठेकेदाराकडे परत देऊन आले.

आपल्या घरांतल्या किती बायका अशा जहाजाच्या हिशेबाने जगतात! शेवटच्या गुणापर्यंत तोफ चालू ठेवायची आणि त्यालाच हिंमत म्हणायचं. बाकीचेही त्यालाच प्रकृती समजतात. तिथे ‘व्हॅम्पायर’चा नियम लागू केला पाहिजे. जखमेबरोबर काम कमी झालं पाहिजे आणि ते घराला दिसलं पाहिजे. आकड्याने माणूस मोजता येत नाही, हे मलाही कळतं. पण जिचं तोंड कायम ‘अच्छी है’ म्हणतं, तिच्या वतीने कुणीतरी खरं बोलायला हवं. आमच्याकडे ते काम रिपोर्टातल्या एका आकड्याने केलं.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. सहा आठवडे आराम, जड उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. आजच्या खेळात रात्रभर आठ तास विश्रांती घेतली की सगळे गुण परत मिळतात. 1979च्या पुस्तकात मात्र दिवसाला एकच गुण भरून यायचा आणि पूर्ण बरं व्हायला सलग चार आठवड्यांची विश्रांती लागायची. जुना नियमच खरा. आपाला तो मान्य नव्हता. तिसऱ्या आठवड्यात ती मशीनवर सापडली. “बस, दो कॉलर!” दुल्हाभाईंनी मशीनचा पट्टा काढला आणि कपाटात ठेवून किल्ली अम्मीकडे दिली. अम्मीने ती सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत कुणाला दिली नाही.

त्या हंगामाचे पैसे बुडाले. मुलाची फी उसनवारीने भरावी लागली, ती अजून फिटते आहे. जुलैत पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा अकरा भरलं.