विषयांतर

नववीच्या निबंधाच्या वह्या तपासताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त वेळा एकच शेरा मारतं: विषयांतर. गेल्या महिन्यात तो लिहिता लिहिता हात अडखळला. आदल्या रात्रीच मी पंचवीस वर्षांनी ‘द कॅचर इन द राय’ पुन्हा वाचून संपवली होती.

जे. डी. सॅलिंजरची ही कादंबरी १९५१ची. कॉलेजात ‘कोसला’ कादंबरीच्या पाठोपाठ वाचली, तिच्या नायकाने, एका पांडुरंगाने, भागलं नाही म्हणून. चार विषयांत नापास होऊन पेन्सिल्वेनियातल्या बोर्डिंग शाळेतून काढलेला सोळा वर्षांचा होल्डन घरी न कळवता न्यूयॉर्कात भटकतो आणि भेटेल त्याला ‘फोनी’, म्हणजे ढोंगी, ठरवतो. तेव्हा मलाही सगळं जग ढोंगीच दिसायचं, एक मी सोडून.

या खेपेला मात्र सुरुवातीची पानं मी वर्गशिक्षिकेच्या नजरेने वाचली. किती ही कुरकुर, किती थापा! मग तो हातमोजा आला.

होल्डनचा रूममेट मुलीबरोबर फिरायला जाताना आपला गृहपाठ त्याच्या गळ्यात मारतो: एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन. होल्डन लिहितो ते धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या मोज्यावर. अ‍ॅली डावखुरा. मैदानात रिकामं उभं राहावं लागलं तर वाचायला असाव्यात म्हणून त्याने मोजाभर हिरव्या शाईने कविता उतरवलेल्या. तो अकराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. पाऊस आला की हात अजून दुखतो आणि मूठ घट्ट वळत नाही, हे तो जाता जाता सांगतो, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं.

रूममेट परत येतो, कागद वाचतो आणि भडकतो. खोली सांगितली होती, हा मोजा कुठून आला? होल्डन कागद परत घेतो आणि फाडून टाकतो.

पंचवीस वर्षांपूर्वी हे पान मी कसं ओलांडलं, आठवत नाही. आता वाटतं, हा मुलगा पुस्तकभर अखंड बोलतो, पण आतली गोष्ट एकदाच कुणाच्या तरी हातात ठेवतो, आणि ती चुकलेला गृहपाठ म्हणून परत येते.

त्याच्या शाळेत वक्तृत्वाचा तास असतो. बोलणारा जरा भरकटला की वर्गाने ‘विषयांतर!’ असं ओरडायचं. एक घाबरट मुलगा वडिलांच्या शेतावर बोलायला उभा राहतो आणि बोलतो काकांवर. त्यांना बेचाळिसाव्या वर्षी पोलिओ झाला, आधाराचा पट्टा कुणाला दिसू नये म्हणून ते इस्पितळात कुणाला भेटेनात. वर्ग ओरडत राहतो. होल्डनला मात्र तेच भाषण आवडतं. त्या विषयात तोही नापास.

सॅलिंजर स्वतः १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला सैनिक. युद्ध पाहून आलेल्या माणसाने लिहिलेल्या या कादंबरीत युद्ध ओझरतंच येतं. कोण जाणे, अख्खं पुस्तकच विषयांतर असेल.

माझ्यापुढची वही पावसाळ्यावरच्या निबंधाची होती. चार ओळी काळे ढग, मोर, हिरवा शालू. पाचव्या ओळीपासून आजोबांची छत्री. तिची एक काडी मोडलीय, ती दोऱ्याने बांधलीय, आता ती कुणी नेत नाही, दाराआड टांगलेली असते. पानभर छत्रीच. मी ‘विषयां’ एवढं लिहून बसले होते, आणि लाल शाई काही खोडता येत नाही.

मधल्या सुट्टीत त्या वहीवाल्या मुलाला बोलावलं. वही बघून त्याने मान खाली घातली. मी विचारलं, “काडीला दोरा कुणी बांधला रे?”

“मीच, बाई,” तो म्हणाला, आणि घंटा होईपर्यंत बोलत राहिला.