फुलांचे खोरे

मराठी माणसाला दरी म्हटली की प्रथम कठडा आठवतो. महाबळेश्वरला किंवा माथेरानला जायचे, एखाद्या पॉइंटावर कठड्याला टेकून उभे राहायचे, मुलांचे दंड घट्ट धरून ‘केवढी खोल आहे हो!’ असे म्हणायचे आणि भाजलेले कणीस खात परतायचे. आपली दरी ही वरून पाहण्याची वस्तू. तिच्या तळाशी गावे असतात, भाताची खाचरे असतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण तिथे उतरून गेले की आपण शब्दच बदलतो. मग ते कोयनेचे खोरे होते, पवनेचे मावळ होते.

हिमालयातली तऱ्हा उलटी. तिथली ‘घाटी’ म्हणजे आपले खोरे. आणि ‘घाट’ म्हणजे आपण समजतो तो नव्हेच. हरिद्वारहून निघताना आमच्या सौ.नी बसच्या ड्रायव्हरला विचारले, “घाट कधी सुरू होणार?” तेव्हा त्या भल्या माणसाने गंगेच्या पायऱ्यांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “घाट तो यहीं है, माताजी.” पुढचे दोन दिवस बसला एकही सरळ वळण मिळाले नाही, पण घाट म्हणून काही लागला नाही तो नाहीच.

म्हणून ‘फूलों की घाटी’ या नावाचे लोक ‘फुलांची दरी’ करतात ते मला पटत नाही. ते खोरे आहे. त्यात उतरायचे नाही, उलट नदीच्या काठाकाठाने वर चढत जायचे, आणि आत शिरून चालायचे.

हरिद्वार ते गोविंदघाट हा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरांचा. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग असे पाच प्रयाग ओलांडत अलकनंदेच्या कडेने जायचे. त्याचे वर्णन मी करीत नाही. बद्रीनारायणाला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या आत्याने ते केलेले आहे. एवढेच सांगतो, की जोशीमठला बस थांबली तेव्हा भिंतींवरच्या भेगा पाहून चहा घशाखाली उतरेना. जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचू लागली आणि शेकडो घरांना तडे गेले. पहाड पाहायला जाताना पहाड स्थिर असतो हे आपण गृहीत धरलेले असते, ते तिथे सुटते.

गोविंदघाटाला लक्ष्मणगंगा अलकनंदेला मिळते. पूर्वी इथूनच पायी निघावे लागे. आता पुलना गावापर्यंत जीप जाते. तिथून घांघरिया दहा किलोमीटर, चढाचे. वाटेत शिखांची अखंड रीघ असते, कारण घांघरियाहून एक वाट फुलांच्या खोऱ्यात जाते आणि दुसरी, तिच्याहून फार उभी, हेमकुंडसाहेबला. लहान मुले, म्हाताऱ्या, नवी लग्ने झालेली जोडपी ‘वाहेगुरू’ म्हणत चढत असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘बस, आता आलेच’ असे सांगत असतात. ते कधीच आलेले नसते; पण त्या सांगण्याने पाय उचलतात हे खरे.

आमच्याबरोबर अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून थोडे मोठे. डोंबिवलीला तिच्या गॅलरीत ब्रह्मकमळाची कुंडी आहे. पावसाळ्यात त्या कुंडीला कळी धरली की अक्का बिल्डिंगभर आमंत्रणे देते, आणि रात्री बारा वाजता शेजारीपाजारी हळदकुंकू घेऊन ते पांढरे फूल उमलताना पाहायला जमतात. खरे ब्रह्मकमळ हिमालयात असते असे कोणीतरी तिला सांगितले आणि तेव्हापासून ती आमच्या मागे लागली होती.

हे बाकी खरे आहे. आपल्या कुंड्यांतले ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या जातीतले, मूळचे मेक्सिकोकडचे. रात्री फुलते, सकाळी मान टाकते. हिमालयातले ब्रह्मकमळ उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे, दिवसाढवळ्या उघड्यावर उभे असते आणि जातीने सूर्यफुलाच्या कुळातले. दुसऱ्या दिवशी हेमकुंडच्या वाटेवर, चार हजार मीटरांच्या आसपास, खडकांच्या सांदीत आम्हाला ते दिसले. फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची ओंजळ. त्या पाकळ्या खरे तर पाकळ्या नव्हेतच. त्या पानांच्या जातीच्या आहेत, आणि आत दडलेल्या जांभळट फुलांच्या गुच्छाला थंडीवाऱ्यापासून जपतात. अक्का बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षे मी निवडुंगाला हळदकुंकू वाहिले?” आमच्या सौ. म्हणाल्या, “वन्सं, त्याने कुठे तक्रार केली?”

पण मी पुढचे आधी सांगितले. खोरे पहिल्या दिवशीचे.

या खोऱ्याची कीर्ती जगभर झाली ती १९३१ साली. फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक आणि त्याचे सोबती कामेत हे ७,७५६ मीटर उंचीचे शिखर सर करून परतत होते. भ्यूंदार खिंड ओलांडून ते पावसाधुक्यात खाली उतरले आणि फुलांत येऊन पडले. १९३७ साली स्माइथ मुद्दाम परत आला, इथे तंबू ठोकून राहिला, रोपे आणि बी गोळा केले आणि दुसऱ्या वर्षी या खोऱ्यावर पुस्तक लिहिले. त्याने खोरे ‘शोधून काढले’ असे छापतात. भ्यूंदार गावचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढरे चारीत होते. त्यांना ते हरवलेले नव्हते.

घांघरियाच्या पुढे खोऱ्यात खेचरांना बंदी आहे. चालायचे, नाही तर कंडीत बसायचे. कंडी म्हणजे माणूस बसेल अशी वेताची टोपली. ती पाठीला लावून हमाल चढतो. बसणाऱ्याचे तोंड मागच्या बाजूला. अक्का पुलन्याहून खेचरावर बसून आली होती. कंडी पाहताच म्हणाली, “मी नाही बसायची. माणसाच्या पाठीवर बसून फुले पाहायची? तुम्ही जाऊन या. मी इथे जप करीत बसते.”

“अहो वन्सं, एवढ्या लांब येऊन? सगळ्याच बायका बसतात.”

“सगळ्या बसतात म्हणून मी बसू होय?”

कंडीवाला पोरगा नेपाळचा, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला मराठी येत नव्हते, पण सगळे समजत होते. तो म्हणाला, “माताजी, आप नहीं बैठेंगी तो मैं भी दिनभर यहीं बैठूँगा.”

अक्काजवळ याला उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते, आणि घरी येऊन तीन महिने झाले तरी नाही. बसावे तर दुसऱ्याच्या पाठीवर आपला भार. न बसावे तर त्याचा दिवसाचा रोज बुडाला, आणि घरी पैसे पाठवायचे दिवस वर्षातून मोजकेच. तुम्ही-आम्ही मुंबईत तिसऱ्या मजल्यावर गॅसचा सिलिंडर चढवून घेतो तेव्हा हा प्रश्न पडत नाही, कारण सिलिंडराला तोंड नसते. शेवटी अक्कानेच तोडगा काढला. रोज पुरा द्यायचा. सपाटीला ती चालणार, चढाला बसणार. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की दगडांनी बांधलेली वाट भूर्जवृक्षांतून नागमोडी चढते. तिथे ती बसली. प्रत्येक वळणावर ‘बाळा, थांब, दम खा’ म्हणत होती, आणि तो प्रत्येक वळणावर हसत होता. मी रिकाम्या हातांनी मागून येत होतो आणि माझाच दम सर्वांत मोठ्याने ऐकू येत होता.

चढ संपून खोरे उघडले तेव्हा पहिली गोष्ट झाली ती अशी, की आमच्या पुढची दोन तरुण मुले मोबाइलमधले चित्र आणि समोरचा देखावा आळीपाळीने पाहू लागली. “फुले कुठे आहेत?” हा प्रश्न तिथे रोज शेकडो वेळा उच्चारला जात असेल. समोर हिरवे उतार, त्यांवर ढगांची ओढणी, मधून पुष्पावती, टोकाला हिमनदी. गालिचा अंथरलेला नसतो. जवळ जाऊन वाकावे लागते, आणि मग पावलापावलाला काहीतरी निघते. रक्तासारखी लाल पोटेंटिला, निळसर जांभळे जिरेनियम, आपल्या सापकांद्याची हिमालयातली भावंडे फणा काढून उभी. एका ओल्या कपारीत निळी पॉपी होती. तिच्या काटेरी देठावरून पावसाचे थेंब ओघळत होते आणि पाकळ्या इतक्या पातळ, की मागचा दगड दिसावा.

पाचशेहून अधिक जातींची फुलझाडे या ८७.५ चौरस किलोमीटरांत आहेत. मेअखेरपर्यंत बर्फ, ऑक्टोबरात पुन्हा गारठा. मधल्या चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि संपायचे. म्हणून तिथे घाई आहे. जूनमध्ये बर्फाच्या कडेला पांढरी ॲनिमोन आणि प्रिम्युला, जुलै-ऑगस्टात सर्वांत दाटी, सप्टेंबरात उतार तांबूस-पिवळे. एका आठवड्यात पाहिलेले खोरे पुढच्या आठवड्यात नसते. जुलैचा तिसरा आठवडा ते ऑगस्टचा तिसरा, एवढा काळ उत्तम. मात्र तोच पावसाचा आणि दरडी कोसळण्याचा. दोन दिवस गाठीला जास्तीचे ठेवावेत. खोऱ्यात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावे लागते.

आणि ज्याची दाटी सर्वांत मोठी, ज्याने उतारच्या उतार गुलाबी केले होते, ते फूल कोणते? तेरडा! आपला तेरडा, फक्त माणसाला झाकील एवढा उंच. अक्का कोकणातली. तिच्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी, भाद्रपदात तेरड्याची गौर येई. बांधावरून तेरडे उपटून आणायचे, त्यांची जुडी बांधायची, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. तिने एक पिकलेले बोंड शोधले, त्याला बोट लावले, आणि ते फटकन फुटून बी उडाले तशी ती टाळ्या पिटू लागली. आमच्या बोलीत रंग तीन दिवसांचा म्हणून ज्याला नावे ठेवली, त्याच्याकडे पाहायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात.

खोऱ्यात थोडे आत एक कबर आहे. जोन मार्गारेट लेग ही इंग्लंडहून फुलांचे नमुने गोळा करायला एकटी आलेली बाई, वय ५४. १९३९ च्या जुलैत उतारावरून पाय घसरून ती इथेच गेली. पुढे तिच्या बहिणीने येऊन दगड बसवला. अक्काने पिशवीतली खडीसाखर काढून त्या दगडावर ठेवली. कबरीवर खडीसाखर ठेवतात का, हे मला ठाऊक नाही. बहिणीने केलेल्या गोष्टीत मी बोलू नये असे ठरवले.

परतताना भ्यूंदारजवळ एका टपरीवर थांबलो. जून २०१३ च्या महापुरात लक्ष्मणगंगेने हे गाव खरवडून नेले; गोविंदघाटचा पूल गेला, हजारो यात्रेकरू वर अडकले. टपरीवरची म्हातारी पुराबद्दल दोन वाक्ये बोलली. मेंढरांबद्दल मात्र पुष्कळ बोलली. १९८२ साली खोरे राष्ट्रीय उद्यान झाले, चराई बंद झाली. २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेले. तिच्या सासऱ्याची मेंढरे विकावी लागली. “आता तिथे काय झाले आहे पाहिलेत ना?” तिने विचारले.

आम्ही पाहिले होते. पॉलिगोनम नावाची एक उंच, दांडगी वनस्पती खोऱ्याच्या मोठ्या भागात माजली आहे. तिच्या सावलीत लहान फुले गुदमरतात. वनखात्याची माणसे दर वर्षी ती उपटतात, आणि दर वर्षी ती येते. काही जाणकार म्हणतात, मेंढरे तिची कोवळी रोपे खाऊन, तुडवून तिला आवरीत होती. ती गेली आणि हिला रान मोकळे मिळाले. दुसरे म्हणतात, अति चराईने आणि दरडींनी जमीन उघडी पडली तिथेच ती रुजली. मेंढरे परत आणली तर उरलेली फुलेही जातील. आपल्या कासच्या पठारावर कुंपण आणि गुरे यांवरून असाच वाद झाला. मला दुसऱ्या पक्षाची भीती खरी वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्या चरलेल्या खोऱ्यातच स्माइथला फुले सापडली होती, ही गोष्ट त्या पक्षाला नीट गिळता येत नाही असेही वाटते. निदान थोड्या तुकड्यात, मोजकी मेंढरे सोडून पाहावे. म्हातारी म्हणाली, “सोडा म्हणाले तरी आता मेंढरे कुठे आहेत? पोरे खेचरे हाकतात.”

तिच्याकडे राजमा होता, डोंगरातला, बारीक दाण्याचा. अक्काने भाव करून तीन किलो घेतला. कंडीवाल्या पोराला बोलावून त्यातला अर्धा किलो त्याच्या फडक्यात बांधून दिला, त्याने नको नको म्हटले तरी. उरलेला अडीच किलो हरिद्वारपर्यंत माझ्या पाठीवर होता.