डावा पाय, पुणे ते चिपळूण

नवले पुलापाशीच डाव्या गुडघ्याने तक्रार नोंदवली. शनिवारची सकाळ, गाड्यांची रांग, चार हात पुढे सरकायचं की पुन्हा थांबायचं. दर खेपेला क्लच दाबायचा आणि दर खेपेला तो मघापेक्षा जड लागायचा. शेजारी अण्णा, वय ८१. गाडी त्यांचीच, २००१ सालची मारुती ८००. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच, त्यांची बोलणी खात. चिपळूणला मावशीकडे निघालो होतो. ताम्हिणीने लवकर पोचलो असतो, पण अण्णांना पावसातली कोयना पुन्हा एकदा बघायची होती, म्हणून कुंभार्ली घाट.

आठवडाभरापूर्वी पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने पेडल दोनदा दाबून निदान सांगून टाकलं होतं. "मॅडम, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, अख्खा सेट गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." जुन्या गाडीला काहीही झालं तरी वयाकडे बोट दाखवतात. माणसांच्या डॉक्टरांचीही तीच खोड आहे, असं अण्णांचं म्हणणं. मी आल्यावर बघू म्हटलं आणि निघाले. हे काही शहाणपणाचं नव्हतं.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पुन्हा रांग. शिरवळच्या पुढे जरा पायाला सुट्टी मिळाली, तोवर खंबाटकी आला. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्याला बोगदा मिळायचा, जाणाऱ्याला मात्र घाट चढावा लागायचा. पुढे उसाच्या मोळ्या टांगल्यासारखा डुलणारा एक ट्रक, मागे आम्ही. "हाफ क्लचवर धरू नकोस, हँडब्रेक ओढ," अण्णांचं चालूच. शेवटी मी दोन्ही हात स्टिअरिंगला लावून, पाठ सीटला टेकवून, अक्षरशः उभी राहिल्यासारखी क्लच दाबत होते. एवढं होऊनही जळका वास कुठे नव्हता. प्लेट गेली असती तर या चढावर तिने तो दिलाच असता, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

उंब्रजला महामार्ग सोडला. मल्हारपेठ गेलं आणि पाटणमध्ये चहाला थांबलो ते थांबलोच. गुडघा सरळ होईना. चहाच्या टपरीशेजारीच एक गॅरेज होतं. मिस्त्री माझ्या मुलाच्या वयाचा.

तो सीटवर बसला, चप्पल काढली आणि इंजिन बंद ठेवूनच अनवाणी पायाने पेडल सावकाश खाली नेलं. मग पाय अलगद वर घेतला. पेडल त्याच्या मागोमाग आलं, पण झोपेतून उठवलेल्या पोरासारखं, रेंगाळत.

"ताई, जड दाबतंय हे कुणालाबी कळतं. वर कसं येतंय ते बघा."

मला ते वाक्य फार आवडलं. क्लचच्या शेवटाला प्रेशर प्लेट असते, तिच्यात ताटलीसारखी एक मोठी स्प्रिंग. क्लच प्लेट झिजत गेली की त्या स्प्रिंगची पाती मागे सरकतात, तिचा जोर वाढतो आणि पेडल जड होतं. पण जोर स्प्रिंगचा असेल तर तीच स्प्रिंग पेडलला तितक्याच जोरात वर फेकते. दाबताना जड आणि येताना आळशी, म्हणजे वाटेत कुठेतरी काहीतरी घासतंय. घासणारी गोष्ट जातानाही जोर खाते आणि येतानाही.

त्याने बॉनेट उघडलं, नट सैल केला आणि गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून क्लच केबल सोडवली. "आता दाबा." आता पलीकडे काहीच ओढायचं नव्हतं, पेडल बोटाने खाली जायला हवं होतं. गेलं नाही. गिअरबॉक्सवरचा आरोप तिथेच मिटला. मग त्याने केबल पेडलवरूनही काढली आणि पेडल हाताने हलवून पाहिलं, पाळण्यासारखं हललं. उरली केबल.

"शेवटचं काम काय केलेलं गाडीचं?"

"काही नाही. महिन्यापूर्वी पाण्याचा पाइप बदलला."

तो हसला आणि बॅटरी मारून दाखवलं. पाइप बसवताना आड येणारी केबल कुणीतरी बाजूला ओढून बाइंडिंग वायरने नव्या पाइपला जखडून ठेवली होती. क्लच केबलला मोठा, ऐसपैस वळसा लागतो. इथे तिचा कोपर झाला होता. त्या कोपरात आतली तार घासून घासून दोन पदर तुटले होते. पेडल जड झालं ते त्याच महिन्यात, हे मला आत्ता आठवलं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला चांगलं ओळखता येतं.

केबल गावातच मिळाली. त्याने ती मोकळ्या वळणाने नेली, पेडलच्या पिनेला ग्रीस लावलं आणि पेडलला वरती बोटभर ढिलेपणा ठेवला. तो नसेल तर बेअरिंग कायम टेकून राहतं आणि प्लेट घसरायला लागते. मजुरीसकट ६५० रुपये.

"प्लेटची शंका असली तर चढाला चौथ्यात टाकून ॲक्सिलेटर दाबा," तो निघताना म्हणाला. "इंजिन बोंबललं आणि गाडी नाही पळाली, तर प्लेट संपली." कोयनानगरच्या अलीकडच्या चढावर मी तसं केलं. ८०० ची तीन सिलिंडरं कण्हली, पण गाडीही त्यांच्यासोबतच पुढे सरकली.

कोयनेचा शिवसागर जलाशय ढगात होता. अण्णांनी काच खाली करून बराच वेळ त्या पांढऱ्या काहीनाहीकडे पाहिलं. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडायचं आणि पोफळीपाशी त्याची वीज करायची. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉट. आम्हीही त्याच बाजूला उतरत होतो, दुसऱ्या गिअरमध्ये, धुक्यातल्या वळणावळणावर हॉर्न देत. पोफळीच्या खाली आल्यावर अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, "गुडघा?"

"विसरले होते."

पुण्यातल्या त्या गॅरेजचा फोन दोनदा येऊन गेला. गिअरबॉक्स जागच्या जागी आहे.