दुखणं गुडघ्यात नसतं तेव्हा

भोर तालुक्यातल्या सारोळ्याहून नीरा नदी ओलांडली की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. तरणी माणसं पुलापलीकडच्या कारखान्यांत पाळीला जातात, काही पुण्यातच राहतात. म्हाताऱ्यांच्या उदासीनतेचं कारण विचारलं की लोक लगेच एकटेपणाकडे बोट दाखवतात. मानसोपचार करताना मला मात्र भरल्या घरात खचलेली माणसंही तितकीच भेटतात. जमीन वाट्यानं दिलेली, म्हैस विकलेली, आणि पेरणी कधी करायची हे आता त्यांना कुणी विचारत नाही. पोटाला कमी नसतं. घरात आपल्या शब्दाची गरज संपली, हे त्यांना आतून पोखरतं.

ही माणसं ‘मन उदास आहे’ असं सांगत नाहीत. गुडघे धरलेत, पोटात जाळ होतो, घास गिळवत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि जीव घाबरा होतो. मग गोळ्या, सलाईन, आणि घरच्यांचं ‘वय झालं, चालायचंच’. मी विचारतो, ‘आजोबा, आवडीचं काय काय सोडलंत?’ कुणी भजन सोडलेलं असतं, कुणी पारावर बसणं, एखाद्या आजींनी नातीची वेणी घालणं. निदानाचा धागा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

वार्धक्याविषयीच्या 2017-18 च्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे होते फक्त 0.8 टक्के. ही दरी मला आकड्यांपेक्षा आमच्या कानांचा दोष वाटते.

गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी सौम्य लक्षणं असलेल्या साठीपुढच्या 181 जणांवर प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. अडचण सोडवायला शिकवणं, झोपेची घडी बसवणं, मधुमेहासारखे आजार सांभाळायला आणि सरकारी योजना मिळवायला मदत, एवढंच काम. वर्षभरात ही मदत मिळालेल्यांपैकी 4.4 टक्क्यांना नैराश्याचा आजार जडला. नेहमीच्या सेवेवर असलेल्यांत 14.4 टक्क्यांना. हे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. अडलेली पेन्शन सुरू करून देणं हासुद्धा उपचाराचा भाग होऊ शकतो, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

आजार जडलेल्यांपैकी अनेकांना औषध लागतं. त्याआधी थायरॉईड, बी-12 आणि हिमोग्लोबिन पाहावं. म्हातारपणी मात्रा कमीपासून सुरू करावी, रक्तातल्या सोडियमवर लक्ष ठेवावं. गुण यायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत गोळी सोडू नये. आणि आत्महत्येचा धोका टाळायला फवारणीचं औषध घरात कुलपातच हवं. याबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाब मोजताना दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होतं का? कशात गोडी वाटेनाशी झाली का? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, पण कमी ऐकू येणाऱ्या आजींना फोनवर मन मोकळं करणं जमत नाही. तो लावून देणारं, शेजारी बसून राहणारं माणूस लागतं. गावात हे काम आशाताई करू शकतात. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यायला हवा.