दहावा माणूस

मुंबईस गेलो की मशीद बंदरला उतरायचे, ही सरकीच्या व्यापारातली माझी जुनी सवय. त्या स्थानकाचे नाव जवळच्या यहुदी ‘मशिदी’वरून पडले असे सांगतात, हे कळायला मात्र माझे केस पांढरे व्हावे लागले.

ती वास्तू म्हणजे ‘शार हारहमीम’, दयेचे द्वार. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली स्थापिलेली; आजच्या जागी ती १८६० साली आली. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनवार तेली’! १९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. आता त्या वस्तीत दहा जमणे अवघड. द्वार मात्र कोणी विकले नाही.

आमचा अकोल्याच्या जुन्या शहरातला वाडा कुलुपात आहे. धाकटा म्हणतो, “दादा, राहतो कोण? विकून टाका.” त्याचेही खोटे नाही. पण परवा कुलूप काढले आणि वृंदावनापुढे सरकीच्या तेलाची पणती लावली. शेजारच्या मुलांनी विचारले, “कोण आलं जी?”

म्हटले, “दहावा माणूस!”

व्यवहाराचे भाऊबीजेनंतर पाहू.