कंबरेचा काळा वण

काकांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट खामगावहून आला, यकृताचा कॅन्सर, आणि पिंपळगाव राजात कुजबुज सुरू झाली, की माणूस लपून पीत असणार. आजी येईल त्याला सांगत होती, "बापा, त्यानं त कधी दारूले हात नाही लावला. मंग लिव्हरले काहून झालं?" घरात जीवशास्त्र शिकणारी मी एकटीच, तेही एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. प्रश्न माझ्याकडे आला आणि मला उत्तर येत नव्हतं.

रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. आपल्याकडे त्याला पांढरी कावीळ म्हणतात. पण काकांचे डोळे पिवळे झालेले कुणालाच आठवत नाहीत. हा विषाणू अगदी लहानपणी शिरला तर बहुतेक वेळा गाजावाजा न करता वर्षानुवर्षं मुक्काम करतो, हे मी पहिल्यांदा वाचलं. दुसरं वाचून तर हादरले. यकृताच्या पेशी मुख्यतः विषाणू मारत नाही. त्याला हुसकावण्यासाठी आपलीच संरक्षक फौज त्या मारते. मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी येतात, त्यांच्यावर पुन्हा हल्ला होतो. अशी तीस-चाळीस वर्षं. दर विभाजनात चुकीची एक संधी, आणि भोवती सूज असल्यामुळे चुकलेल्या पेशीलाही 'मरू नको, वाढ' असा निरोप मिळत राहतो.

हा निरोप कसा जातो, तिथं मी अडकले. यकृतात कुप्फर नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-6 सोडतात. ते शेजारच्या पेशीत एनएफ-कप्पा-बी आणि स्टॅट-3 ही बटणं दाबतात. इथवर ठीक. पण 2004 मध्ये इस्राएलच्या संशोधकांनी सुजलेल्या यकृताच्या उंदरांत एनएफ-कप्पा-बी बंद केलं, तर गाठी वाढेनात. 2005 मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल कॅरिन यांच्या गटानं यकृतपेशींत तेच बटण निकामी करून उंदरांना विषारी रसायन दिलं, तर गाठी वाढल्या! दोन रात्री मी वहीत बाण काढत होते आणि खोडत होते. एकच बटण तारतं आणि मारतंही, हे मनाला पटेना.

उलगडा कॅरिन यांच्या त्याच अभ्यासात होता. बटण नसलेल्या पेशी जास्त मरत होत्या, त्यांच्या मरणानं कुप्फर पेशी खवळत होत्या, आणि उरलेल्या पेशी घाईनं जागा भरत होत्या. कुप्फर पेशींतलंही बटण काढलं तेव्हा गाठी घटल्या. म्हणजे बटण कुठल्या पेशीत आहे, आजार कुठल्या टप्प्यावर आहे, यावर सगळं ठरतं. मला हे कळल्यावर रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही.

आजीला हे कसं सांगायचं? मला मुंबईच्या टाटा मेमोरियलचे वसंत रामजी खानोलकर आठवले. 1945 मध्ये त्यांनी धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. कंबरेला तीच गाठ, तोच काच वर्षानुवर्षं; कातडी सोलायची, भरायची, पुन्हा सोलायची, आणि क्वचित कुणाला तिथंच कॅन्सर व्हायचा. आजीनं नऊवारीचा ओचा जरा सैल केला आणि कंबरेच्या काळ्या वणावरून बोट फिरवलं.

"म्हंजे त्याच्या काळजाले आतून घासत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. याहून नेमकं मला वर्गातही सांगता आलं नसतं.

मग घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी झाली. चुलतभावाला हिपॅटायटिस बी निघाला, तो एकोणतीस वर्षांचा. डॉक्टरांनी त्याला रोजची गोळी सुरू केली. विषाणू दबला की सूज उतरते, धोका कमी होतो, पण पुरता जात नाही; म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

आजीनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं. "सहा महिने म्हंजे कोनतं पान? तारीख लिही."