बाहेर जायची वाट

उंबरमाळीच्या घरून काम करतो तेव्हा माझा जावाचा प्रोग्राम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून थेट इंटरनेटवर जातो. तोच कंपनीच्या सर्व्हरवर चढवला की बाहेरचं दार बंद. जायचं तर प्रॉक्सीतूनच. आमच्याकडून नाशिकला निघालं की लोकल कसाऱ्यापर्यंतच, घाटासाठी गाडी बदलावी लागते, तसंच हे. म्हणून ‘घरी तर चालतंय’ या म्हणण्याला इथे काही किंमत नाही.

शहापूर-मुरबाडकडची मुलं आता या कामात येताहेत. त्यांचा फोन येतो, “दादा, सर्व्हरवरून कर्ल चालतंय, जावाच अडकतंय.” अडकणारच. कर्ल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली प्रॉक्सी वाचतं, जेव्हीएम तिकडे बघतसुद्धा नाही. त्याला सुरू करतानाच प्रॉक्सीचे होस्ट आणि पोर्ट सिस्टिम प्रॉपर्टी म्हणून सांगावे लागतात, एचटीटीपीसाठी एक जोडी आणि एचटीटीपीएससाठी दुसरी. दुसरी राहिली की रिक्वेस्ट फायरवॉलला धडकते आणि टाइमआउट होईपर्यंत ताटकळते.

खरी कसोटी मात्र नॉनप्रॉक्सीहोस्ट्सची, म्हणजे कुठे प्रॉक्सी वापरायची नाही त्या यादीची. ही यादी एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्हींना मिळून एकच. नावांमध्ये स्वल्पविराम नाही, उभी रेघ लागते. आणि शेल त्या रेघेला पाइप समजतं, म्हणून सगळं अवतरणात ठेवायचं. ‘10.0.0.0/8’ असं लिहून भागत नाही, ‘10.*’ लिहावं लागतं. यादी चुकली की ऑफिसातल्याच सर्व्हरकडे जाणारी रिक्वेस्ट प्रॉक्सीकडे जाते, प्रॉक्सी एचटीएमएलचं नकाराचं पान पाठवते, आणि जेसन वाचणारा कोड पहिल्याच ‘<’ वर कोसळतो. लॉगमध्ये ते एकटं ‘<’ दिसलं की मी आधी ही यादी उघडतो.

प्रॉक्सीचा पासवर्ड बरोबर असूनही तिच्याकडून 407 हा नकार येत असेल तर जावाची आवृत्ती बघावी. 2016 मध्ये आलेल्या 8यू111 पासून एचटीटीपीएसच्या टनेलसाठी ओळख पटवण्याची बेसिक पद्धत मुळातच बंद आहे. ती सेटिंग बदलून चालू करता येते, पण त्यात पासवर्ड प्रॉक्सीपर्यंत जवळजवळ उघडाच जातो. प्रॉक्सी सांभाळणाऱ्यांकडे दुसरी पद्धत मागणं केव्हाही चांगलं.

कोडमध्ये मधेच सिस्टिम प्रॉपर्टी बदलून प्रॉक्सी लावणं मला अजिबात मान्य नाही. एकाच टॉमकॅटमध्ये चार अॅप्लिकेशन असतील तर चौघांचीही वाट बदलते, आणि उरलेल्या तिघांच्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो. जावा 11 पासूनच्या एचटीटीपीक्लायंटला स्वतःचा प्रॉक्सीसिलेक्टर देता येतो. ज्याला गरज आहे त्यालाच द्यावा. अपाचीचा जुना 4 मालिकेतला क्लायंट तर स्पष्ट सांगितल्याशिवाय सिस्टिम प्रॉपर्टी वाचतही नाही.

माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच दोन ओळी छापल्या जातात. प्रॉक्सीसिलेक्टरला एक आतला पत्ता आणि एक बाहेरचा पत्ता द्यायचा, आणि तो कुठली वाट सांगतो ते लॉगमध्ये लिहायचं. आतल्यासमोर ‘डायरेक्ट’ आणि बाहेरच्यासमोर प्रॉक्सीचं नाव नि पोर्ट दिसलं, तरच मी पुढच्या कामाला लागतो.